सीटच्या कडेची शिवण

चिखलीत जालना रोडला आमच्या भाईचं सीट कव्हरचं दुकान होतं. दुकान तसं आजही आहे, पण ते आता गाड्यांचं राहिलेलं नाही. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. गाड्यांशी माझा धंद्याचा काही संबंध नाही, फक्त वेड आहे. जुनी गाडी घेतली तेव्हा तिची कव्हरं शिवायला म्हणून मी भाईकडे गेलो. त्या दिवशी तिथे मार्केट यार्डातले एक अडते बसले होते. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. ते आणि भाई शाळेपासूनचे दोस्त. त्या दोघांचा वाद चालला होता, डिझेल गाड्या बंद होणार की नाही यावर. मी मध्ये एक वाक्य बोललो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो. नंतर ती बैठक कितीतरी वर्षं चालली.

बाजारात नवीन मॉडेल आलं की त्याची तालुक्यातली पहिली गाडी बहुतेक भाईच्या दारात यायची. भाई सीटवर खाकी कागद पसरून, खडूने खुणा करून फर्मा काढायचा. तो फर्मा काढत असायचा तेव्हा आम्ही त्या गाडीचं पोस्टमॉर्टेम करायचो. शेठ बॉनेट उघडून बघत. मी डिक्कीतली स्टेपनी बघायचो, कारण कंपन्यांनी स्टेपनी बारीक करत आणली होती आणि मला त्याचा फार राग होता.

"अरे, हँडब्रेकच नाई बे याले! बटण देऊन राह्यले," शेठ म्हणायचे.

"बटण देऊ दे, नाई तं झाकण देऊ दे," भाई आतून बोलायचा. त्याच्या तोंडात खडू असायचा. "सीट पाह्य कशी केली. बसला तं उठू वाटणार नाई."

गाडीची तारीफ करताना भाईचा आवाज मऊ व्हायचा. गंमत म्हणजे ज्या गाड्यांची तो तारीफ करायचा त्याच त्याच्या पोटावर येत होत्या. कंपन्या आता चांगल्या सीटा देऊनच गाडी विकत होत्या. ज्यांना कव्हर हवं असायचं त्यांना शोरूमवालेच बसवून देत. भाईकडच्या दोन मशीनपैकी एकीवर कापड झाकलेलं दिसायला लागलं. त्यात सीटच्या कडेला एअरबॅग आल्या. सीटच्या शिवणीत एक छोटी पट्टी असते, धडकेच्या वेळी तिथली शिवण फाडून फुगा बाहेर येतो. वरून घट्ट कव्हर असलं तर तो अडकू शकतो. हे भाईला कळल्यापासून तो अशा गाड्या परत पाठवायचा. लोक वैतागून दुसरीकडे जात आणि दुसरीकडे कोणी काही न विचारता कव्हर चढवून देत.

शेवटी भाईनेही मार्ग काढला. कडेची तेवढी शिवण तो कच्च्या दोऱ्याने घालायला लागला. मला त्याने दाखवलंही होतं. शिवण दोन बोटांनी ओढली की तट्कन तुटायची.

"पाह्यलं सर? फुग्यात तं लय ताकद असते," तो म्हणाला.

शेठनी आयुष्यभर डिझेल चालवलं. नवी घ्यायची म्हटलं तेव्हा त्यांच्या आवडत्या गाडीचं डिझेल कंपनीने बंद केलेलं होतं. महिनाभर आमची खलबतं चालली. इलेक्ट्रिक घ्या, असं मी म्हणत होतो. त्यांची शेती लोणारकडे, तिकडे जाऊन परत येईपर्यंत चार्जिंग पुरेल का, ही त्यांना धास्ती. दिवाळीच्या आत त्यांनी पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली. पांढरी गाडी, आत साईसारख्या रंगाच्या सीटा. शोरूममधून निघून ते घरी गेलेच नाहीत, थेट दुकानात आले.

"शिव," ते भाईला म्हणाले. "यार्डातली धूळ, सोयाबीनचा भुसा. आठ दिवसात काळ्या होतीन या सीटा."

भाईने दार उघडून कडेची पट्टी बघितली. "याले नाई बसवत मी. एअरबॅग हाय."

"काऊन? दुसऱ्यांले बसवतोस, मले नाई?"

"दुसरे दुसरे हायेत."

"मग मी काय दुसऱ्याच्या दुकानातून शिवून आणू? लोक काय म्हणतीन बे? तुह्या दोस्ताच्या गाडीत दुसऱ्याचं कव्हर?"

भाई हसला आणि खाकी कागद काढायला उठला. ती कव्हरं त्याने फार मनापासून केली. तपकिरी रंग, कडांना बारीक दुहेरी शिवण आणि एअरबॅगच्या जागी तोच कच्चा दोरा. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून दाखवायचे.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी शेठ सकाळीच खामगावला निघाले होते. अमडापूरच्या पुढे आडव्या रस्त्याने एक टिप्पर आला आणि ड्रायव्हरच्या दारावर धडकला. शेठ वाचले. बरगड्या मोडल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्यांना संभाजीनगरला हलवलं. मला यार्डातून फोन आला तेव्हा मी तासावर होतो. दुकानात गेलो तर भाई चपला घालून तयार उभा. त्याने एकच विचारलं, "साईडची बॅग उघडली का?"

मला माहीत नव्हतं.

आम्ही एस.टी.ने दवाखान्यात गेलो. शेठ शुद्धीवर नव्हते. बाहेर बाकावर त्यांचा मुलगा बसला होता. पोरगा शांत स्वभावाचा आहे. काय काय झालं ते त्याने नीट सांगितलं. मग म्हणाला, "काका, समोरची उघडली. साईडची नाही उघडली. कव्हर तुम्हीच बसवलं होतं ना?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो फक्त विचारत होता.

"हाव," भाई म्हणाला.

रात्री आम्ही चिखलीला परतलो. दुसऱ्या दिवशी त्याने मला सोबत घेतलं. गाडी खामगाव रोडला एका गॅरेजच्या आवारात आणून टाकली होती. दार आत दबलेलं. भाईने वाकून आत हात घातला, सीटच्या कडेवरून बोटं फिरवली. शिवण शाबूत होती. बॅग आतल्या आत फुगून अडकली की मुळात फुगलीच नाही, हे कव्हर उसवल्याशिवाय कळणार नव्हतं. भाईने खिशातून ब्लेड काढलं.

गॅरेजवाला धावत आला. "हात लावू नका भाऊ. विम्याचा माणूस यायचाय."

"मले फक्त पाह्यचं हाय."

"नाही. काही इकडचं तिकडं झालं तर मला विचारतील."

भाई ब्लेड खिशात घालून वळला. विम्याचा माणूस येऊन गेला, फोटो काढून गेला. मी शोरूमला जाऊन विचारलं. तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला की बाहेरचं कव्हर असेल तर आम्ही काहीच सांगू शकत नाही. आम्ही पुन्हा गॅरेजात पोचलो तोवर गाडी भंगारात उचलून नेली होती. कुठे नेली, ते गॅरेजवाल्यालाही नीट सांगता आलं नाही.

भाईने गाड्यांची कव्हरं बंद केली. भिंतीवर टांगलेले सगळे फर्मे उतरवून त्याने रद्दीत दिले. तो ट्रॅक्टरचे हूड, मोटरसायकलच्या सीटा आणि गाद्यांच्या खोळी शिवायला लागला. मी जायचो, बसायचो. नवीन काय आलं ते सांगायला तोंड उघडायचो, तो मशीन चालू करायचा.

उन्हाळ्यात शेठ वॉकर घेऊन दुकानात आले. मुलाने त्यांना सोडलं. बसताना त्यांना फार त्रास झाला. भाईने त्यांच्या पाठीशी लोड ठेवला आणि चहा सांगितला.

"मी सांगतो तुले," शेठ म्हणाले, "ती बॅगच बिघडेल असन. तुह्या शिवणीचा काई दोष नाई."

"तुले माहीत हाय का?"

 खोटं बोलायची शेठना सवय नव्हती. "नाई," ते म्हणाले.

"मले बी नाई माहीत."

"पण मीच म्हणलं होतं ना तुले, शिव म्हणून?"

"शिवलं तं मी."

चहा आला. आम्ही तिघांनी तो प्यायला. शेठनी एका नव्या इलेक्ट्रिक गाडीचा विषय काढला, चार्जिंग आता किती लवकर होतं, मेहकरलाही पॉईंट झाला म्हणतात. मी हो हो केलं, एक-दोन गोष्टी जोडल्या. भाई खाली बघून खोळीचे धागे कापत होता. शेठचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि त्यांनी मुलाला फोन लावला. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. भाई ईदला त्यांच्या घरी डबा पाठवतो, शेठच्या घरून दिवाळीचा फराळ येतो. दोन्ही पोचवायला मीच जातो.

शेठ आता गाडी चालवत नाहीत. मुलाने नवी घेतली, तिचं नाव विचारलं तर त्यांना चटकन आठवत नाही. मागच्या सीटवर बसतो, म्हणतात.

गेल्या रविवारी मी बुलढाण्याला कामाने गेलो होतो. शोरूममध्ये एक नवं मॉडेल उभं दिसलं म्हणून आत शिरलो. दार उघडून बसलो. पुढे मोठा पडदा, सगळं त्याच्यावरच. खाली उतरलो, डिक्की उघडली. स्टेपनी नव्हतीच, तिच्या जागी पंक्चरचं किट ठेवलं होतं. हे कोणाला तरी सांगावं म्हणून मी सवयीने मागे वळलो. मागे शोरूमचा मुलगा उभा होता.

"सर, कोणासाठी बघताय?" त्याने विचारलं.

"असंच," मी म्हणालो.

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. मी डिक्की लावली आणि चिखलीची गाडी पकडायला स्टँडवर गेलो.