सखूकाकूची रेघ

तळेगावला हायवेलगत रूपरावकाकांचं गॅरेज आहे. काका बोल्ट आवळायचे आणि सखूकाकू त्यावर गुलाबी नखपॉलिशची रेघ ओढायची. नटावरून खालच्या लोखंडापर्यंत, एका दमात. नट पुढं जरासा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसायची.

"माह्या नखाले ग्रीस अन् तुमच्या बोल्टाले पॉलिश," ती म्हणायची. "लगन कोनाशी केलं, बोल्टाशी?"

पोळ्यानंतर काकूला कावीळ झाली. त्यातून ती उठलीच नाही.

परवा ओमप्रकाशचा संत्र्याचा पिकअप आला. खालून खडखड येत होती. काका गाडीखाली सरकले. मागच्या चाकांना जोर देणारा लांब दांडा चार बोल्टांवर असतो. त्यातले दोन रस्त्यात कुणीतरी बदलले होते. साधे, डोक्यावर ताकदीचा आकडाच नसलेले. ते ताणून ढिले पडले होते. उरलेल्या दोन बोल्टांवर गुलाबी रेघ होती. अखंड.

बराच वेळ काका बाहेर आले नाहीत.

"झोपले काय, रूपरावभाऊ?" म्हणत ओमप्रकाश खाली वाकला. मग त्याचा आवाज उतरला. "वहिनीची लाइन हाय न? राहू द्या ते. दोनच बदला."

काकांनी रेघेवर बोट ठेवलं. नट फिरला नाही, एवढंच ती सांगत होती. साध्या बोल्टांनी अंग काढल्यावर सगळा भार याच दोघांनी सोसला होता, ते रेघेत कुठं दिसणार?

"समोर कोन बसते रे?"

"माही पोरगी, स्वीटी. शाळेत सोडतो तिले."

काकांनी पाना लावला. पहिल्याच झटक्यात रेघ दुभंगली.

डोक्यावर '१०.९' हा ताकदीचा आकडा असलेले चार नवे बोल्ट बसले. पुरेसा जोर लागल्याचा पान्याचा 'कट्' आवाज येईपर्यंत काकांनी प्रत्येक आवळला. ताणलेला बोल्ट कुणी पुन्हा वापरू नये म्हणून त्याचे आटे ठेचूनच भंगारात टाकायचे, ही त्यांची जुनी रीत. आधी साधे दोन ठेचले. मग गुलाबी डागाचे दोन. हातोडी तेवढ्याच जोरानं पडली.

शेवटी त्यांनी काकूची बाटली उघडली. तळाशी थोडं होतं. त्यांच्या हाताला एका दमातली रेघ जमेना. प्रत्येक रेघ नटाच्या कडेशी थांबली आणि बाजूला सरकून पुढं गेली. आत्ताच आवळलेले चारही नट फिरल्यासारखे दिसू लागले.

"परवा येजो," काका म्हणाले. "पाना लावूनच पाहीन. हे लाइन पाहून काई समजनार नाई."