दुसऱ्यांदा विचारतील म्हणून

आमच्याकडं कुणाच्या घरी गेलं आणि पुढ्यात काही आलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं. हे मला आईनं मांडीला चिमटे काढून शिकवलं. गडमुडशिंगीत मावशीकडं एकदा लाडू दिसल्या दिसल्या मी हात पुढं केला, तर घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा "राहू दे की", आणि तिसऱ्यांदा, जणू समोरच्यावर उपकार करतोय अशा चेहऱ्यानं, घ्यायचं. वाढणाऱ्यालाही हे सगळं ठाऊक असतं. नको म्हणणाऱ्याला त्यानं तसंच सोडलं तर चार घरांत त्याचीच बदनामी होते. या एका सवयीपायी माझं काय झालं ते सांगतो. ऐकून लोक हसतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

जपानमध्ये आम्ही तिघं एका खोलीत राहायचो, तिघंही कोल्हापूरच्या आसपासचे. एक हातकणंगल्याचा, गाद्या भरणाऱ्या मुसलमान घरातला, तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्याचा. दुसरा शिरोळकडचा जैन, बागायतदाराचा मुलगा. कांदा-बटाट्याला न शिवता परदेशात जिवंत कसं राहायचं याचं शिक्षण तो आम्हाला फुकट द्यायचा. तिसरा मी. ओतकामाच्या कारखान्यात तीन वर्षांच्या करारावर आम्ही तिघं होतो आणि करार संपायला दोन महिने उरले होते. तो वाढणार नाही असं कंपनीनं स्वच्छ सांगितलं होतं. जैन मित्राला परतायचंच होतं, घरी खतांचं दुकान त्याची वाट बघत होतं. हातकणंगलेवाला म्हणायचा, बघू. मला मात्र परतायचं नव्हतं.

का नव्हतं तेही सांगून टाकतो. जायच्या आधी मी एमआयडीसीत ओतीव माल घासायला होतो आणि जपानमध्ये जाऊनही तेच घासत होतो, फक्त तिथं मास्क चांगला मिळायचा. मला खरं येतं ते इंजिनाचं काम. वडील नदीकाठची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे, उसाला पाणी उपसायची ती काळी, एकट्या सिलिंडरची. दहा-बारा वर्षांचा असताना मी बांधावर बसून, आवाजावरून, कुठल्या इंजिनाचं काय दुखतंय ते सांगायचो. मग सगळीकडं विजेच्या मोटारी बसल्या आणि वडिलांचं दुकान बंद पडलं. माझ्या कानाला काही कामच उरलं नाही. गावाकडं मोठ्या भावाचा संसार होता, त्यात मी म्हणजे बाहेरच्या खोलीतला पाहुणा.

जवळपासचं एक ओस पडलेलं बेट जैन मित्रानं फोनवर शोधलं. एका रविवारी गेलो. बोटीनं पाऊण तास लागला. उतरल्यावर धक्क्यावर शीतपेयांचं एक मशीन दिवे लावून उभं होतं आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. वर चढत जाणारी गल्ली, दोन्ही बाजूंना बंद घरं, पडदे नीट ओढलेले. संत्र्यांच्या बागा माजल्या होत्या, फळं झाडाखाली कुजत होती. शाळेत गेलो तर दार नुसतं लोटलेलं. आत चपला ठेवायचे लाकडी कप्पे होते आणि प्रत्येकावर मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या होत्या. हातकणंगलेवाल्यानं एका चिठ्ठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, आपली गावं पण एक दिवस अशीच होणार. जैन मित्र म्हणाला, आपल्याकडं निदान कप्पे तरी मोडून जळणाला नेतील. आम्ही हसलो आणि बाहेर पडलो.

खाली उतरताना मला तो आवाज आला. धक्क्याच्या पलीकडं पत्र्याची शेड होती आणि तिच्यात एका सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन चाललं होतं. मी जागच्या जागी थांबलो. टक-टक-टक आणि मध्येच एक सैल ठोका. मित्र पुढं गेले होते, मी शेडमध्ये शिरलो. पंच्याहत्तरीचा एक म्हातारा मासेमारीच्या बोटीचं इंजिन बाहेर काढून बसला होता. मोडक्यातोडक्या जपानीत मी म्हणालो की व्हॉल्व्हचं टॅपिट सैल आहे. त्यानं माझ्याकडं बघितलं, इंजिन बंद केलं आणि पाना माझ्या हातात दिला.

तासभर मी तिथं होतो. टॅपिटचा गॅप बसवला, डिझेल फवारणारा नोझल काढून साफ केला, इंजिन पुन्हा चालू केलं. ठोका गेला. म्हातारा डोळे मिटून ऐकत राहिला, माझे वडील ऐकायचे तसा. त्या तासात मी जितका सुखात होतो तितका तीन वर्षांत एकदाही नव्हतो. दोघे मित्र दारात बसून बघत होते. मग म्हाताऱ्यानं चहा केला, संत्री पुढं ठेवली. मी नको म्हणालो. त्यानं परत बशी सरकवली, तेव्हा घेतलं. मला आतून बरं वाटलं. म्हटलं, इथंही आपल्यासारखंच आहे.

चहा संपल्यावर तो बराच वेळ कपाकडं बघत बसला. नंतर मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलला.

"मुलगा शहरातून येणार नाही. तू इथं राहशील का? वर खोली आहे. परवानगीची कागदपत्रं मी करतो."

मला हो म्हणायचं होतं, ओरडून म्हणायचं होतं. आणि तोंडातून आलं, "नको नको, तुम्हाला उगाच त्रास."

तो म्हणाला, "असं होय." मान हलवली आणि उठला. भिंतीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगानं काढलेला होता, त्या त्या आकारावर खिळा. एकेक पाना पुसून त्यानं जागच्या जागी टांगला. मी वाट बघत होतो. बोटीला अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात तो हवेबद्दल बोलला, रानडुकरं संत्री खातात त्याबद्दल बोलला. धक्क्यापर्यंत आला, संत्र्यांची पिशवी दिली. मला वाटलं, आता विचारेल. बोट सुटली तेव्हाही तो कमरेत वाकून उभा होता.

बोटीवर हातकणंगलेवाल्यानं माझी शोभा केली. "येडा हाईस का? म्हातारं तुला ठेवून घ्यायला लागलंय आणि तू नको म्हणतूस व्हय?"

"परत इचारंल की," मी म्हणालो.

"कवा? पवत येऊन इचारंल?"

जैन मित्रानं समुद्राकडं तोंड फिरवलं. तो हसत होता की नाही ते मी बघितलं नाही.

पुढच्या रविवारी वादळामुळं बोटी बंद होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी माझं मन धजेना. नको म्हणून आलोय, आता आपणच जाऊन आपल्या तोंडानं कसं मागायचं? लग्नाची गोष्ट असो, जमिनीची असो, आमच्याकडं मधला माणूस जातो. तोच म्हणतो, तो लाजला हो, मनात त्याच्या आहेच. मी हातकणंगलेवाल्याच्या पाया पडायचा बाकी राहिलो. तो शिव्या घालत गेला. जाताना म्हणाला, तू चल की सोबत. मी म्हणालो, मी असल्यावर बोलणं बरोबर होणार नाही. ही माझी दुसरी चूक. पहिली तरी नकळत झाली होती, ही मी दोन दिवस विचार करून केली.

तो दुपारच्या बोटीनं परतला. बूट न काढता दारातच बसला. मी विचारलं, काय म्हणाले. तो माझ्याकडं न बघता सांगत राहिला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं होतं. मग म्हणाला होता की ज्याला यायचं आहे तो स्वतः येतो. मित्रानं आमची रीत समजावून सांगितली, पुन्हा एकदा त्याला विचारा म्हणून विनवलं. तर म्हातारा म्हणाला, संत्र्याचं दोनदा विचारता येतं. मुलगा येणार नाही हे कळल्यापासून, हे कुणाला एकदा विचारायलाच मला तीन वर्षं लागली.

"मग?" मी म्हणालो.

"मग त्यानं मला इचारलं. तू राहतूस का म्हणून." बुटाची नाडी सोडत तो थांबला. "मला इंजिनातलं काय बी कळत न्हाय, ते बी सांगितलं त्यास्नी. शिकवतो म्हणालं. मी व्हय म्हटलं."

मला वाईट वाटलं असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावं असंही. मी यातलं काहीच केलं नाही. "बरं केलंस," म्हणालो, आणि भात लावायला उठलो. तोंडाला वळणच तसं पडलंय.

आता या गोष्टीला दोन वर्षं झाली. मी पुन्हा एमआयडीसीत आहे, पुन्हा घासतोय, मास्क मात्र तितका चांगला नाही. जपानला परत जायचे दोन प्रयत्न केले, दोन्हींत काही ना काही आडवं आलं, आता करत नाही. जैन मित्र दुकानात बसतो, रस्त्यात भेटला तर हात करतो. हातकणंगलेवाला दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. त्याच्या मागं ती भिंत दिसते, आणि भिंतीवर प्रत्येक पाना आपल्या आकारावर टांगलेला असतो. म्हातारा आता फक्त खुर्चीत बसून असतो. एखादं इंजिन अडलं की मित्र फोन इंजिनाजवळ धरतो आणि म्हणतो, ऐक की जरा, काय झालंय याला? मी बाहेरच्या खोलीत कानाला फोन लावून ऐकतो. नोझल बघ, सांगतो. पंपात हवा गेलीय, सांगतो. बहुतेक वेळा माझं बरोबर निघतं. पलीकडं म्हाताऱ्याला कळत असेल का, कोण सांगतंय ते? मी कधी विचारलं नाही, आणि मित्रही कधी बोलला नाही.

यंदा रमजान ईदला मित्राच्या आईनं, चाचीनं, निरोपावर निरोप पाठवले, म्हणून गेलो. घराला नवा रंग होता. गाद्यांचं काम त्याच्या वडिलांनी, चाचांनी, आता बंद केलंय, गुडघे चालत नाहीत. लेकाचा फोटो भिंतीवर लावलाय, निळ्या कपड्यांत, हात काळे झालेले. चाचीनं मला फोटोखालीच बसवलं, शीरखुर्म्याची वाटी हातात दिली आणि समोर बसली.

"पोरगं सांगतंय, जागा तुझी हुती," ती म्हणाली. "तू त्याच्यापायी नको म्हणालास म्हणं. पाठचा भाऊ बी करत न्हाय रं एवढं."

म्हणजे त्यानं घरी हे असं सांगितलं होतं. माझी लाज झाकायला सांगितलं की स्वतःची, कोण जाणे. मी तोंड उघडलं. चाची, तसं काही नव्हतं, मला ती जागा पाहिजे होती, अजून पाहिजे आहे, एवढंच सांगायचं होतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती पदरानं पुसत होती. त्या घरात माझ्या नकोची एवढी किंमत झाली होती, की ती मोडायचा धीर मला झाला नाही. मी मान खाली घालून वाटी संपवली.

तिनं पातेलं पुढं ओढलं. मी नको म्हणालो. घे की रं, ती म्हणाली. मी म्हणालो, राहू दे की.

"अजून जरा?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

मी वाटी पुढं केली.