डेल्बर्टची बाही

व्हर्ना स्टोल्झ चिडली की भांडी घासायला घ्यायची, घासलेली असली तरी. त्या गुरुवारी सकाळी मी कामावर पोचले, तर ती स्वच्छ पातेलंच पुन्हा खरवडत होती. म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"कोणाच्या नावाने घासतेयस?" मी विचारलं.

"माझ्या," ती म्हणाली आणि नळ बंद केला.

व्हर्ना तेव्हा एकसष्ट वर्षांची, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. पण अगं-तुगंच करायचं असं तिने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आम्ही दोघी ओहायोतल्या एका लहान गावात ज्या घरी कामाला होतो, तिथे चार पुरुष राहतात. चौघेही प्रौढ, पण त्यांची समज लहान मुलांइतकी. एकटं राहणं त्यांना जमत नाही. म्हणून आम्ही पगारी माणसं पाळीपाळीने त्यांच्यासोबत असतो. डेल्बर्ट त्यातला थोरला, चोपन्न वर्षांचा, आणि त्याला बोलताच येत नाही. व्हर्नाने त्याला बावीस वर्षं जेवू घातलं होतं. तिला ना नवरा, ना मूल. तिचं घर तिकडे पलीकडच्या रस्त्यावर होतं, पण तिचा जीव इथेच, डेल्बर्टच्या खुर्चीशेजारी.

आमच्याकडे रोज अंगाचा कागद भरायचा असतो. त्यावर माणसाची आकृती छापलेली असते, एक पुढून आणि एक मागून. आंघोळ घालताना सगळं अंग बघायचं, कुठे वळ, ओरखडा, सूज दिसली तर आकृतीवर तिथे खूण करायची आणि खाली सही ठोकायची. व्हर्नाचे गुडघे गेले तेव्हापासून रात्रपाळीचा रॉइस घरी जायच्या आधी डेल्बर्टला आंघोळ घालायचा. "अंग स्वच्छ आहे गं, व्हर्ना, तू बस," असं म्हणून जायचा, आणि व्हर्ना सही करायची. खोटं कशाला बोलू? मीही इतरांच्या भरवशावर सह्या केल्या आहेत. आमच्यात सगळेच करायचे. त्याला आम्ही मदत म्हणायचो.

रॉइस हसतमुख, येताना डोनट आणणारा, व्हर्नाच्या अंगणातला बर्फ न सांगता उपसणारा. बुधवारी रात्री त्याची गाडी बर्फात अडकली आणि बदली बाई आली. तिने आंघोळ घातलीच नाही. म्हणून गुरुवारी व्हर्नाने दुखरे गुडघे सोसत डेल्बर्टला स्वतः टबात बसवलं.

"चार बोटं," ती मला म्हणाली. "डाव्या दंडावर. आणि मागे अंगठा. काही निळे, काही पिवळे पडलेले."

पिवळा वळ म्हणजे आठवडाभर जुना, हे आमच्या धंद्यात कोणालाही कळतं. आणि त्या आठवड्याच्या प्रत्येक कागदावर व्हर्नाची सही होती: अंग स्वच्छ.

"पडला असेल गं," मी म्हणाले.

"पडलेल्या माणसाला बोटं उमटतात?" ती माझ्यावर खेकसली. मग एकदम खुर्चीत बसली. "अगं, तो मला सांगत होता! आठवडाभर न्याहारीला बसला की डावी बाही वर करायचा. आणि मी काय करायची? थंडी वाजेल रे राजा, म्हणत बाही खाली ओढायची. रोज. माझ्या या हातांनी."

डेल्बर्ट समोरच बसून ओटमील खात होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

आमची व्यवस्थापक ग्लेंडा नऊला आली. तिने दंड पाहिला, दार लावून घेतलं.

"हे बघ, 'कारण अज्ञात' असं लिही. रॉइसला मी आपल्या दुसऱ्या घरी पाठवते. झाकली मूठ राहू दे. जुने कागद कोणी काढले तर तू सुटणार नाहीस, व्हर्ना. या कामात पुन्हा कोणी उभंही करणार नाही तुला."

"म्हणजे रॉइस दुसऱ्या घरी जाऊन दुसऱ्याचा दंड धरणार," व्हर्ना म्हणाली.

ग्लेंडा गेली. मग मी जे बोलले, त्याची मला आजही लाज वाटते. म्हटलं, "व्हर्ना, हात दाखवून अवलक्षण कशाला? निनावी फोन कर. रॉइसचं सांग, सह्यांचं नको सांगूस."

"सह्यांचं नाही सांगितलं तर कागद बघून त्यांना वाटेल, हे कालच झालंय. आठवडा कोण मोजणार? डेल्बर्ट?"

फ्रिजवर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कचेरीचा, नंबर चिकटवलेला असतो. असं काही दिसलं तर त्याच दिवशी तिथे कळवायचं, हा नियम आम्हाला पाठ होता. व्हर्नाने चष्मा लावला आणि नंबर फिरवला.

"माझं नाव व्हर्ना स्टोल्झ. आधी माझी चूक लिहून घ्या, मग त्याची सांगते. नाहीतर मधेच माझा धीर सुटायचा."

चौकशी झाली. रॉइसने आधी कानांवर हात ठेवले, नंतर कबूल केलं: टबातून लवकर उठत नाही म्हणून दंडाला हिसका द्यायचो. त्याच्यावर खटला झाला. कागद दडपायला सांगितलं म्हणून ग्लेंडाचीही नोकरी गेली. आणि न बघता सह्या केल्या म्हणून व्हर्नाला काढलं. खटल्याचा निकाल लागेपर्यंत डेल्बर्टच्या घरात पाऊल टाकायचं नाही, असं पत्रही आलं. तिने ते मला तिच्या घरी दाखवलं आणि म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं." मग घासलेलीच भांडी घासायला घेतली. त्या दिवसापासून मात्र मी अंग बघितल्याशिवाय एकही सही केलेली नाही.

आठ महिन्यांनी तिला पाहुणी म्हणून यायची परवानगी मिळाली, रविवारी तासभर. ती घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन आली. दारातच थबकली. "मला ओळखेल का गं?" बावीस वर्षं भरवणारी बाई मला विचारत होती!

डेल्बर्ट खुर्चीत बसला होता. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डावी बाही हळूहळू वर केली, थेट खांद्यापर्यंत.

दंड स्वच्छ होता. मी रोजच बघत होते तो. पण व्हर्ना तशीच गुडघ्यांवर खाली बसली, चष्मा लावला, आणि तो दंड पुढून बघितला, मागून बघितला.

"बघितला रे राजा," ती म्हणाली. "नीट बघितला."

तेव्हा कुठे डेल्बर्टने बाही आपल्या हाताने खाली केली.