लग्न मोडल्याचे पेढे

मंडळी, आज संध्याकाळी मी आधीच्या नवऱ्याच्या लालबागच्या चाळीत घरोघरी पेढे वाटून आले. का, ते ऐका.

मागच्या महिन्यात एका क्राइम पॉडकास्टवर मी नाव न सांगता आमच्या लग्नाबद्दल बोलले होते. त्याने कधी हात उचलला नाही, म्हणून सगळे विचारायचे, "मग तुला त्रास काय गं?" त्रास हा, की भाजी आणायला गेले तरी दर दहा मिनिटांनी सेल्फी मागायचा. मागे दुकानाची पाटी दिसलीच पाहिजे! नाही दिसली, की दुसऱ्या दिवशी तो कामावर जाताना मी आत आणि दाराला बाहेरून कडी. ती कडी अख्ख्या मजल्याला दिसायची. एकानेही काढली नाही.

आज सकाळी एका मुलीचा मेसेज आला. त्याचं दुसरं लग्न हिच्याशी ठरलं होतं. "ताई, पॉडकास्टमधल्या तुम्हीच ना? मला पण तो पाटीसकट फोटो मागतो. मी लग्न मोडलं."

मी थेट पेढे घेऊन चाळ गाठली. त्याच मजल्यावरच्या सगळ्यांनी हसत पेढा घेतला. शेवटचं दार त्याचं. मी गेल्यावर त्याच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "कसले गं पेढे?"

"तुमच्या मुलाचं लग्न मोडल्याचे."

आतून तो ओरडला. सासूबाईंनी माझ्या तोंडावर दार आपटलं. मग मी बाहेरून कडी घातली आणि शांतपणे जिना उतरले.

एव्हाना ती कुणीतरी काढली असेल. त्याच्यासाठी काढतील हो.

तुमच्या मजल्यावर बाईच्या दाराला अशी कडी दिसली, तर तुम्ही काढाल?