आत्याबाईंची दुपारची झोप

आमच्या आत्याबाईंना कोणी पाणी आणून दिलेलं खपत नसे. कोणाच्याही घरी गेल्या की सरळ माठाशी जात, स्वतःच्या हाताने तांब्या बुडवत आणि उभ्याउभ्या पीत. घरमालकीण बघत राही. लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांना लांब उभं राहावं लागे. कोणाला दया आली तर वरून धार पडे. "ओंजळीचं पाणी पुष्कळ पिऊन झालं," त्या म्हणत. "आता भांड्याचं."

त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. पण लांज्याजवळच्या आमच्या अख्ख्या बौद्धवाडीच्याच आत्याबाई. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी वाडीत हातपंप आला. सरकारचं धोरण होतं: पाण्याची नवी सोय बौद्धवाडीत करायची आणि तिथे सगळ्या गावाने भरायचं, म्हणजे भेदाभेद आपोआप मिटेल. धोरण झकास. फक्त वरच्या वाडीला ते कोणी विचारलं नव्हतं.

उद्घाटनाला विस्तार अधिकारी समतेवर बोलत सुटले. आत्याबाई मध्येच म्हणाल्या, "साहेब, घसा सुकला असेल. जरा हापसा, मी तांब्या धरते." साहेबांनी निमूट हापसलं. भाषणापेक्षा टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

वरच्या वाडीतून मात्र कोणी येईना. तिथले पुढारी तात्या. त्यांनी तशी ताकीदच दिली होती. एप्रिलात त्यांची विहीर तळाला गेली. बायका लांबच्या ओढ्यावर खेपा घालून थकल्या. मग भर दुपारी, पुरुष जेवून आडवे झाले की, काजूच्या बागेतल्या आडवाटेने एकेक कळशी आमच्या पंपावर उतरू लागली. सगळ्यांत आधी उतरली ती तात्यांची धाकटी सून.

आत्याबाई पंपासमोरच्या पडवीत पडलेल्या असत. पावलं वाजली की डोळे घट्ट मिटून घोषणा करत, "मी झोपलेय गो बायांनो! मला काय दिसत नाय!" आणि वर असं घोरत, की पंपाचा खडखडाट त्यात बुडून जावा. मी पदर तोंडात कोंबून हसायची.

मे महिन्यात हसू आटलं. तात्यांनी अर्ज दिला: तिथे आमचं कोणी जात नाही, पंप काढून देवळाजवळ नवं बोअर मारा. देवळाजवळ म्हणजे आम्ही पुन्हा लांब उभ्या.

साहेब चौकशीला आले. शेजारी तात्या, हाताची घडी घालून. साहेबांनी आत्याबाईंनाच विचारलं, "बाई, खरं सांगा. वरच्या वाडीतलं कोणी येतं इथे? नसेल येत तर माझाही इलाज नाही."

माझ्या जिभेवर नावं तयार होती. आत्याबाईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

"मी दुपारची झोपते, साहेब," त्या म्हणाल्या. "मला काय दिसत नाय."

"बघा," तात्या म्हणाले. "त्यांच्याच तोंडून ऐकलंत."

साहेबांनी पेन उघडलं. एवढ्यात चढावरून, आडवाटेने नव्हे, चांगली मोठ्या वाटेने, कमरेला कळशी लावून तात्यांची सून उतरली. पंपाखाली कळशी ठेवून हापसू लागली. 

"घरी चल!" तात्या ओरडले. "घरात पाणी नाय?"

"होतं ना, मामा," ती खाली बघतच म्हणाली. "सकाळी तुमची आंघोळ झाली, देवपूजा झाली. महिनाभर इथलंच तर नेतेय."

तात्या तडक चढ चढून गेले. पंप राहिला. त्याच संध्याकाळी सुनेची रवानगी संगमेश्वरकडे, माहेरी झाली.

मी आत्याबाईंवर चिडले. "ती आली नसती तर? पंप गेला असता, तरी बोलला नसतात?"

"गेला असता. पंप भांडून परत आणला असता," त्या म्हणाल्या. "तिचं घर कुठून आणणार होते?" पण त्या दिवसापासून दुपारी त्यांना झोप आली नाही, खरीही नाही आणि खोटीही नाही.

श्रावणात आत्याबाई गेल्या. गणपतीच्या आदल्या दिवशी तात्यांची सून परत आली. सणाला घरात राबायला माणूस हवं होतं. दुपारी मोठ्या वाटेनेच पंपावर आली आणि रिकाम्या पडवीकडे बघत मला म्हणाली, "आज आत्याबाई कुठं गेल्या गो?"

वरच्या वाडीत तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं.

ती हापसू लागली. कळशी भरून वाहायला लागली तरी हापसतच राहिली, आणि मीही तिला थांब म्हटलं नाही.