नासनची शीळ

शिलिनगोलच्या माळावरच्या सत्तेचाळीस नंबरच्या पवनचक्कीखाली उभं राहून नासनबायारनं वर पाहिलं, आणि त्याचे गुडघे चढण्याआधीच कुरकुरू लागले. ऐंशी मीटरची शिडी होती. लिफ्ट दुरुस्त होणार, होणार म्हणत दोन हिवाळे उलटले होते. वारा फार वाढला की चढाई बंद, असा नियम होता. पण आज मेलं गवताचं पातंही हलत नव्हतं.

मंगोल घरात कुणी शीळ घातली की आई पाठीत धपाटा घालते, कारण शिळेनं वारा येतो. चोपन्न वर्षं नासननं हे पाळलं होतं. आज त्यानं हळूच शीळ घातली.

खाली वारा मोजत बसलेला गोंबो हसला. “दादा, तुमची आई वरून बघतेय हां!”

“बघू दे. तिला कुठं शिडी चढायचीय?”

वारा काही आला नाही. नासन धापा टाकत, तीनदा थांबत माथ्यावर पोहोचला. त्यानं पाना हातात घेतला, तोच मनोरा डोलू लागला.

वॉकीटॉकीवर गोंबो ओरडला, “दादा, वारा वाढला! खाली या, काम उद्या!”

शिळेनं वारा येतो, हे आईनं सांगितलं होतं. किती वेळानं येतो, तेवढं विचारायचं राहून गेलं होतं.