बारोलो आणि माझी जाऊ

गुंद या आमच्या डोंगरातल्या गावी घरामागच्या दोन खोल्यांत पाहुणे उतरतात. बहुतेक कुळगीचं जंगल बघायला आलेले. त्यांचा स्वयंपाक मीच करते. जाताना ते माझ्या मटणाचं नाव काढत, आणि मला ते ऐकायची सवय लागली होती. मग धाकटी जाऊ घरात आली. ती बेळगावची, लग्नाआधी गोव्यात एका मोठ्या हॉटेलात वाढपाचं काम करायची.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचं एक जोडपं आलं. बाईंनी पिशवीतून एक काळपट बाटली काढली. इटलीची रेड वाइन, बारोलो नावाची. "हिच्याबरोबर काय चांगलं लागेल हो?" त्यांनी मला विचारलं.

"मटण करते की," मी म्हटलं.

तेवढ्यात जाऊ पदराला हात पुसत पुढं आली. "ही जड वाइन हाय बाई, तोंड आवळून धरती. हिच्यासंगं मासे नकोत, लोखंड चाटल्यागत लागतं. मटणच बरं, चरबीचं, मंद आचेवर शिजवलेलं. तिखट मात्र कमी पायजे."

आमचे मालक जळण रचत होते, ते तसेच उभे राहिले. "व्हय?" म्हणाले. एवढ्या वर्षांत माझ्या मसाल्यात काय पडतं हे त्यांनी एकदाही विचारलं न्हाई. आता आ वासून ऐकत होते.

स्वयंपाकघरात जाऊ म्हणाली, "अक्का, मिरची निम्मीच घाला की."

"घालते," मी म्हटलं, आणि कांदा असा चिरला की पाटाला खाचा पडल्या. निम्मी मिरची, जास्त मिरी, चरबीचे तुकडे तसेच ठेवलेले. चुलीवर ते हळूहळू शिजलं.

अंगणात जाऊनं बाटली आधीच उघडून ठेवली होती. तिला वारा लागू द्यायचा म्हणे. पेला कसा धरायचा, वास कसा घ्यायचा, सगळं ती सांगत होती आणि सगळे हसत होते. मी आत भाकऱ्या थापत होते. बाई म्हणाल्या, "किती छान जुळवून आणलंस गं!" मटण मी केलं होतं. जुळवून आणलं होतं तिनं.

मग ती आत आली, स्टीलच्या पेल्यात घोटभर घेऊन. "अक्का, चाखा तरी. आधी नुसती, मग मटणासंगं."

नुसती घेतली तर जांभळाची साल चघळल्यासारखी जीभ आखडली. मटणाचा तुकडा खाऊन पुन्हा घेतली आणि तुरटपणा कुठं गेला कळलंच न्हाई. मटणही गोडसर लागलं. तिचं खरं होतं. ते खोटं निघालं असतं तर मला त्या रात्री झोप लागली असती.

उन्हाळ्यात ती बाळंतपणाला माहेरी गेली, आणि तसलीच जड वाइन घेऊन दुसरे पाहुणे आले. त्यांच्यातले दोघं मटण न खाणारे. मालक फोन काढून म्हणाले, "तिला विचारूया?"

"काय गरज न्हाई."

घरात कोन होता, आमच्या डोंगरातला मोठा कंद. त्याच्या जाड फोडी निखाऱ्यावर भाजल्या, तुपात परतल्या, वर लसूण आणि मिरी कुटून टाकली. चरबी नसली तर तूप, पण या वाइनला काहीतरी स्निग्ध लागतं, एवढं मला कळलं होतं. पाहुण्यांनी तीनदा मागून घेतलं. मटण खाणाऱ्यांनीसुद्धा.

मी मालकांना बजावलं, "हे तिला सांगू नका."

त्यांनी दुसऱ्या दिवशी जोयड्याच्या बाजारातून तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. वर म्हणाले, "तुझीच शिकवण हो!"

ती बाळाला घेऊन परत आली तशी पहिल्याच संध्याकाळी माझ्याजवळ बसली. "अक्का, कोन कसा केलासा? मला दाखवा की."

बाळ माझ्या मांडीवर होतं. गोड, अगदी तिच्यावर गेलेलं.

"बघू पुढं," मी म्हटलं. अजून दाखवलेलं न्हाई.